एचडीसाठी डीटीएच घेताना: आधी आकाश बघा, मग कंपनी

तारयंत्र (धागाकर्ता)

"एचडीसाठी टाटा प्ले घेऊ, एअरटेल घेऊ की डिश टीव्ही?" हा प्रश्न इथे सारखा येतो. मग ज्याच्या घरी जे आहे त्याची तो तरफदारी करतो, पॅकच्या किमतींवर वाद होतो, आणि छत्री लागणार कुठे हे शेवटपर्यंत कुणी विचारत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची निम्मी निवड तिथेच ठरलेली असते. म्हणून हा धागा.

प्रत्येक कंपनीचा उपग्रह विषुववृत्तावर वेगळ्या रेखांशावर आहे. टाटा प्ले ८३ अंश पूर्व (जीसॅट-१०, आणि जून २०२२ मध्ये सोडलेला जीसॅट-२४). डीटूएच ८८ अंश (एसटी-२). डिश टीव्ही ९५ अंश (एसईएस-८). एअरटेल १०८.२ अंश (एसईएस-७). दूरदर्शनची फ्री डिश ९३.५ अंश (जीसॅट-१५). डिश टीव्ही आणि डीटूएच २०१८ पासून एकाच कंपनीचे असले तरी त्यांच्या छत्र्या वेगवेगळ्या दिशांना बघतात.

पुण्यातून बघितलं तर काय दिसतं ते सांगतो. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजली आहे, उंची क्षितिजापासून:

टाटा प्ले: दिशा १५३, उंची ६६ अंश
डीटूएच: दिशा १४२, उंची ६३
फ्री डिश: दिशा १३२, उंची ५९
डिश टीव्ही: दिशा १२९, उंची ५७
एअरटेल: दिशा ११५, उंची ४५

मुंबईत यात एक-दोन अंशांचा फरक पडतो, तो सोडून द्या. म्हणजे टाटा प्लेचा उपग्रह जवळजवळ दक्षिणेला आणि डोक्याकडे चढलेला, तर एअरटेलचा पूर्वेकडे कललेला आणि बराच खाली. आपल्याकडे होकायंत्राची सुई आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे, त्यामुळे मोबाइलमधलं कंपास ॲप चालतं. फक्त लोखंडी ग्रिलपासून दोन पावलं लांब उभं राहून बघा, नाहीतर ते काहीही दाखवतं.

समोर इमारत किंवा झाड असेल तर उपग्रह जितका उंच तितकं बरं. टाटा प्लेच्या दिशेला छत्रीपासून एक मीटर अंतर असेल तर छत्रीच्या वर सव्वादोन मीटरपर्यंतचा अडथळा चालतो. एअरटेलच्या दिशेला एक मीटरला एकच मीटर. पण छत्री बाल्कनीच्या आत लावायची असेल तर हिशोब नेमका उलटा होतो, कारण उंच उपग्रहाला वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो. गच्ची मिळत असेल तर यातलं काहीच अडत नाही, मग खुशाल पॅक बघून ठरवा.

गॅलरीवाला

पुणे, तिसरा मजला. बाल्कनी सरळ पूर्वेला. समोर नऊ मीटरवर आमच्या मजल्याच्या वर चार मजले असलेली बिल्डिंग. सोसायटी गच्चीवर छत्री लावू देत नाही. टीव्ही ४३ इंची. कोणती कंपनी?

तारयंत्र

चार मजले म्हणजे छत्रीच्या वर साधारण १२ मीटरची भिंत.

एअरटेल: दिशा ११५ म्हणजे तुमच्या सरळ समोरून २५ अंश उजवीकडे. तिरकं मोजलं की समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर होतं १० मीटर. ४५ अंशाला १० मीटरवर किरण १० मीटरच चढलेला असतो. भिंत १२ मीटर. अडणार.

डिश टीव्ही: ३९ अंश उजवीकडे, तिरकं अंतर साडेअकरा मीटर, तिथे किरण १८ मीटरवर. समोरच्या इमारतीवरून सुटतो.

टाटा प्ले: ६३ अंश उजवीकडे. समोरची इमारत अजिबात अडवत नाही, पण आता तुमचाच स्लॅब आडवा येतो. छत्री स्लॅबच्या दीड मीटर खाली धरली तर किरण स्लॅबच्या पातळीला पोचेपर्यंत बाल्कनीबाहेर जेमतेम ३० सेंटीमीटर सरकलेला असतो. छत्रीची निम्मी रुंदीच तेवढी आहे. म्हणजे अख्खी छत्री स्लॅबच्या रेषेबाहेर काढावी लागेल, शिवाय बाल्कनीची दक्षिणेची बाजूभिंत मोकळी हवी.

तुमच्यासाठी डिश टीव्ही, छत्री कठड्याच्या बाहेरच्या अंगाला लावून. तिथे किरण बाहेर ७४ सेंटीमीटर सरकतो, त्यातून छत्रीची निम्मी रुंदी वजा केली तरी ४० उरतात. डीटूएच मधलं आहे, बाजूभिंत नसेल तर जमेल. सगळं मोबाइलवर मोजून घ्या आणि मगच फोन करा. छत्री बसवणारा आल्यावर "इथे सिग्नल येत नाही" म्हणून परत गेला की बुकिंगचे पैसे परत मिळवण्याची कटकट वेगळी.

डेसिबल

उत्तम धागा. छत्रीच्या आकाराबद्दल भर घालतो, कारण "पाऊस आला की एचडी जातं" ही तक्रार कंपनी बदलून सुटत नाही. सगळेच केयू बँडवर (उपग्रह टीव्हीच्या लहरींचा एक पट्टा) आहेत, आणि जोराचा पाऊस सगळ्यांचाच सिग्नल खातो.

कंपनी देते ती साधारण ६० सेंटीमीटरची छत्री. ७५ ची घेतली तर जवळपास २ डेसिबल (सिग्नलच्या जोराचं माप) वाढतात, ९० ची घेतली तर साडेतीन. ऐकायला थोडं वाटतं, पण साध्या सरीत जाणारं चित्र टिकायला तेवढं पुरतं. ढगफुटीसारखा पाऊस असेल तर ९० चीही मान टाकते, तेव्हा दहा मिनिटं थांबायचं.

मोठी छत्री लावताना एक खोच आहे. ती जितकी मोठी, तितका तिचा नेम अरुंद. ६० ची एक अंशाने चुकली तर दीड डेसिबल जातात. ९० ची एक अंशाने चुकली तर तीन. म्हणजे जे कमावलं ते बहुतेक तिथेच गेलं. मोठी छत्री अंदाजपंचे फिरवून लावणाऱ्याकडून बसवून घेऊ नका. मीटर घेऊन येणारा माणूस मागा.

बॉक्सच्या सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. लोक स्ट्रेंग्थ बघून खूश होतात. स्ट्रेंग्थ म्हणजे वायरीतून काहीतरी जोरात येतंय इतकंच. छत्री भलत्या उपग्रहाकडे असली तरी ती भरलेली दिसते. कामाची ती क्वालिटी. कोरड्या दिवशी दुपारी दोन्ही आकडे बघा आणि पेनाने बॉक्सच्या खालच्या बाजूला लिहून ठेवा. वेगवेगळ्या बॉक्सची टक्केवारी एकमेकांशी जुळत नाही, तेव्हा शेजाऱ्याच्या ९० शी तुलना नको. तुलना तुमच्याच जुन्या आकड्याशी करायची.

एसडी व्यवस्थित आणि काही एचडी वाहिन्यांवरच चौकटी पडत असतील तर लगेच बॉक्सला दोष देऊ नका. वेगवेगळ्या ट्रान्सपॉन्डरना (उपग्रहावरचे प्रक्षेपक, प्रत्येकावर काही वाहिन्या) लागणारा किमान सिग्नल वेगळा असतो, काठावरची क्वालिटी असली की जास्त मागणारे आधी तुटतात. आणि डिजिटलमध्ये चित्र हळूहळू बिघडत नाही. छान, छान, छान आणि एकदम काळं.

माडाखाली

किनारपट्टीसाठी वेगळं लिहितो, कारण पुण्या-मुंबईचे सल्ले रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यात अर्धेच लागू पडतात.

माड आणि आंबा. मे महिन्यात लावलेली छत्री जुलैत बंद पडते, कारण झावळी वाढते, आणि ओली झावळी कोरडीपेक्षा कितीतरी जास्त सिग्नल खाते. लावताना दोन वर्षांची वाढ धरून जागा निवडा. टाटा प्लेची उंची इकडे आणखी चढते, रत्नागिरीत ६७, पणजीत ६९, त्यामुळे वाडीतल्या घरांना तो सोपा जातो.

खारी हवा. पत्र्याची साधी रंगवलेली छत्री दोन-तीन पावसाळ्यांत बोल्टांपासून गंजायला लागते. नटबोल्ट स्टेनलेसचे बदलून घ्या, किरकोळ खर्च आहे. एलएनबीच्या (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा) तोंडावरची प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकते आणि आत पाणी जातं. लक्षण सोपं आहे: पाऊस थांबून ऊन पडलं तरी सिग्नल तासा-दोन तासांनी येतो. पावसाबरोबर जातो आणि पावसाबरोबर येतो तो हवेचा दोष. उशिरा येतो तो पाण्याचा.

आणि वानर. छत्रीच्या दांड्यावर एक बसलं की नेम गेला. खांब जाड घ्या आणि मागच्या बाजूने एक टेकू द्या. (यावर कंपनीची हेल्पलाइन काय सांगते ते कळवा, करमणूक होईल.)

जोडारी

वायरीबद्दल कुणी बोललं नाही. नव्वद टक्के "सिग्नल गेला"चं मूळ छत्रीत नसतं, जोडात असतं.

वायर आरजी-६, ७५ ओहमची. ३० मीटरपर्यंत चिंता नाही. मध्ये जोड नको, अखंड तुकडा घ्या. एफ कनेक्टर दाबून बसवायचा घ्या, पिळून बसवायचा स्वस्त प्रकार वर्षभरात सैल होतो. सोलताना बाहेरचं आवरण साधारण १२ मिलिमीटर काढायचं, जाळी मागे दुमडायची, पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या तळाशी समपातळीत यायला हवं, आणि मधली तार तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर. जाळीचा केसाएवढा एक धागा जरी मधल्या तारेला लागला तरी शॉर्ट होतो आणि बॉक्स एलएनबीचा पुरवठा तोडतो.

बॉक्स याच वायरीतून एलएनबीला वीज पाठवतो. १३ व्होल्ट दिले की उभं ध्रुवीकरण (म्हणजे उभ्या कंप पावणाऱ्या लहरी घ्यायच्या), १८ दिले की आडवं. वाहिन्या या दोन्हींत वाटलेल्या असतात. म्हणून गंजलेल्या जोडाचं एक ठरलेलं लक्षण असतं: निम्म्या वाहिन्या दिसतात आणि निम्म्या गायब. १८ चे वाटेत १४ झाले की एलएनबी उभ्यावरच अडकतो. याच कारणासाठी दोन बॉक्सना साधा स्प्लिटर चालत नाही. एक १३ मागतो, दुसरा १८, आणि जो जोरात मागेल त्याचं चालतं. दोन टीव्हींना ट्विन एलएनबी (दोन तोंडांचा) आणि दोन स्वतंत्र वायरी. सोसायटीत एकाच छत्रीवर बरीच घरं चालवायची तर मल्टिस्विच, म्हणजे प्रत्येक बॉक्सला त्याने मागितलेला सिग्नल वेगळा देणारी पेटी.

बाहेरच्या कनेक्टरवर काळी साधी चिकटपट्टी गुंडाळू नका, ती पाणी धरून ठेवते. स्वतःला चिकटणारी रबरी टेप घ्या. सिलिकॉन लावायचाच तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारा नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून गळेल, घरात येणार नाही.

आणि बेस. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत किंवा पोकळ गिलाव्यात अँकर फास्टनर धरत नाहीत. काँक्रीटचा कॉलम किंवा बीम शोधा, चार फास्टनर, १० मिलिमीटरचे. खांब ओळंब्यात हवा. तिरक्या खांबावर छत्री आडवी फिरवली की उंचीचा कोनही बिघडतो, आणि मग बसवणारा तासभर गोल गोल फिरतो.

रिमोटकंट्रोल

छत्रीवर एवढी मेहनत आणि बॉक्स-टीव्हीची जोडणी लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने! ती तीन रंगांची वायर एचडी नेऊच शकत नाही, तिच्यातून ५७६ ओळीच जातात. एचडीएमआयच हवी. साधी दीड मीटरची चालते, महागडी सोन्याचा मुलामा दिलेली घेऊन चित्र सुधारत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या १०८०आय (ओळी एकाआड एक दाखवणारं चित्र; १०८०पी म्हणजे सगळ्या ओळी एकदम), ५० हर्ट्झवर येतात. अँड्रॉइडवाले नवे बॉक्स बऱ्याचदा ६० हर्ट्झवर ठेवलेले मिळतात, कारण ते ओटीटी डोळ्यांसमोर ठेवून बनतात. ५० च्या चित्राला ६० मध्ये बसवलं की दर काही फ्रेमनंतर एक फ्रेम पुन्हा दाखवावी लागते. परिणाम: क्रिकेटमध्ये चेंडू सीमारेषेकडे जाताना कॅमेरा फिरला की हलका झटका बसतो, बातम्यांची पट्टी अडखळत सरकते. लोक टीव्ही बदलतात! सेटिंग्ज, डिस्प्ले, रिझोल्यूशन इथे जाऊन १०८०पी ५० हर्ट्झ करा. साध्या एचडी बॉक्सवर १०८०आय आणि १०८०पी दोन्ही लावून बातम्यांची पट्टी बघा, जिथे अक्षरांच्या कडा स्वच्छ दिसतात ते ठेवा. काही टीव्ही बॉक्सपेक्षा चांगलं काम करतात, काही वाईट.

टीव्हीत चित्राचा आकार 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' करा, नाहीतर टीव्ही चारी कडा कापून उरलेलं ताणतो. साउंडबारमधून आवाज येत नसेल तर बॉक्सचा ऑडिओ पीसीएम करून बघा.

गॅलरीवाले, तुमच्या ४३ इंचीबद्दल: एचडीचा पूर्ण फायदा घ्यायचा तर साधारण पावणेदोन मीटरवर बसावं लागेल. सव्वातीन मीटरच्या पलीकडे एसडी आणि एचडीतला फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. ५५ इंचीला हेच आकडे सव्वादोन आणि साधारण चार मीटर. चार मीटर लांब सोफा आणि ३२ इंची टीव्ही असेल तर एचडीचे पैसे वाचवा.

पॅकपंडित

पैशांचं. एनसीएफ (नेटवर्क कपॅसिटी फी, वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचं शुल्क) नावाची जी रक्कम आपण भरतो, तिच्यात एक एचडी वाहिनी दोन एसडी म्हणून मोजली जाते. ट्रायने (दूरसंचार नियामक) २०२४ मध्ये एनसीएफवरची कमाल मर्यादा काढली, आता प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, तेव्हा पॅक तुलना करताना वाहिन्यांची किंमत आणि एनसीएफ दोन्ही मिळून बघा, वर १८ टक्के जीएसटी.

तयार पॅकमध्ये सगळ्यात मोठी गळती म्हणजे तीच वाहिनी एसडीतही आणि एचडीतही. एकाच बुकेमध्ये (वाहिन्यांच्या गठ्ठ्यात) दोन्ही देता येत नाहीत, पण दोन वेगळी बुके घेतली की सहज घुसतात. यादी काढा आणि एसडीची जुळी काढून टाका.

मराठीसाठी एचडी घेताना: स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ पासून आहेत. पण प्रत्येक कंपनी प्रत्येक एचडी वाहिनी दाखवतेच असं नाही, कारण ट्रान्सपॉन्डरवर जागा मर्यादित असते. घरात रोज लागणाऱ्या आठ-दहा वाहिन्या कागदावर लिहा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर एकेक एचडीत आहे का ते तपासा. 'एकूण इतक्या एचडी वाहिन्या' या जाहिरातीतल्या आकड्याला काही अर्थ नाही, त्यातल्या निम्म्या तुमच्या भाषेतल्या नसतात. फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत, पण एचडी अगदीच मोजक्या. एचडी हाच हेतू असेल तर ती सोडा.

फायबरभक्त

आजच्या काळात हे सगळं कशाला? ओटीटी घ्या, किंवा ब्रॉडबँडवरचं आयपीटीव्ही (इंटरनेटच्या वायरीतून येणाऱ्या वाहिन्या). छत्री नाही, वानर नाही.

डेसिबल

जिथे फायबर भरवशाचं आहे तिथे मान्य. बाल्कनी पश्चिमेला आणि गच्ची बंद असेल तर तोच एक मार्ग उरतो, आणि पावसाचाही प्रश्न मिटतो. पण ओटीटीवरचा सामना डीटीएचपेक्षा मागे असतो, कधी अर्ध्या मिनिटापर्यंत. शेजारच्या घरातून आधी ओरडा येतो आणि मग तुम्हाला विकेट दिसते. चार टीव्हीच्या घरात एकाच वेळी एचडी ओढलं की राउटर दमतो. छत्रीला त्याचं सोयरसुतक नसतं. तालुक्याच्या ठिकाणी अजून डीटीएचच.

गॅलरीवाला

सगळ्यांचे आभार. कंपास लावून बघितलं, डिश टीव्हीची दिशा मोकळी आहे आणि बाजूभिंत नाही. बसवणारा आल्यावर सही करण्याआधी काय काय बघू?

जोडारी

खांब ओळंब्यात आहे का. छत्री हाताने हलवल्यावर हलते का. एलएनबी त्याच्या पकडीत घट्ट आहे का. बाहेरच्या कनेक्टरवर टेप आहे का. मग सिग्नलच्या पानावर दोन-तीन वेगळ्या ट्रान्सपॉन्डरची क्वालिटी बघा, एकाच नव्हे. एकावर भरपूर आणि दुसऱ्यावर निम्मी असेल तर एलएनबी त्याच्या मानेत थोडा फिरवून घ्यायचा राहिलाय. छत्री दिसायला फारच उभी वाटेल, त्याने गोंधळू नका. या छत्र्या ऑफसेट (सिग्नल तिरका घेणाऱ्या) असतात, त्यामुळे ५७ अंश उंचीकडे बघणारी छत्री डोळ्यांना ३३-३४ अंशच मागे कललेली दिसते. रेकॉर्डिंगवाला बॉक्स घेतलात तर पेन ड्राइव्हवरचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, दुसऱ्या टीव्हीला लावून उपयोग नाही.

तारयंत्र

आणखी एक. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र जाईल. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो म्हणून. तक्रार नोंदवू नका आणि छत्री तर अजिबात हलवू नका, आपोआप येतं.

बदलीवाला

पुण्याहून नागपूरला बदली. टाटा प्लेची छत्री तशीच नेली तर तिथे चालेल?

तारयंत्र

चालेल, पण तोंड फिरवावं लागेल. नागपूर ७९ रेखांशावर असल्याने ८३ चा उपग्रह तिथे जवळजवळ सरळ दक्षिणेला येतो, दिशा १६९. उंची ६५, म्हणजे पुण्यापेक्षा एकच अंश कमी, त्यामुळे उंचीच्या नटाला पुढे-मागे थोडंच सरकवायचं. एलएनबीची फिरकी मात्र पुण्याच्या मानाने साधारण १५ अंश बदलते, ती न बदलता लावली तर निम्म्या वाहिन्यांवर चौकटी पडतील. पत्ता बदलल्याचं कंपनीला आधी कळवा आणि जुनी वायर इथेच सोडा, नवी टाकून घ्या.